दोन्ही वाट्यांत बर्फी

आमच्या प्रसूती विभागात बाळ कधी येईल याचा नेम नसतो, पण प्रमुख पाहुण्या उशिरा येणार हे नक्की असतं. मी इथली इन्चार्ज सिस्टर. नाव वच्छला. नर्सेसच्या ड्युट्या मी लावते, रजा मी कापते, लेबर रूममध्ये कुणी चुकलं तर आधी मी झापते आणि मग डॉक्टरांपुढे तिची बाजूही मीच घेते. याला हल्ली नेतृत्व म्हणतात. त्याचं प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटून वाहती नदी पाहायला सांगितलं. मला वॉर्डातलं तुंबलेलं बेसिन दिसलं आणि मी डोळे उघडले.

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, आणि ट्रस्टने नेमलेले व्यवस्थापक आहेत सोमशेखर साहेब. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना आजारपण सोडून हॉस्पिटलमधल्या सगळ्या गोष्टींत रस आहे. कमानी, फलक, सत्कार, फोटो. यंदा त्यांच्या डोक्यात 'लेक वाचवा' मोहिमेसाठी सामुदायिक डोहाळजेवण शिरलं. नव्या पेठेतून हिरव्या साड्या आल्या, फुलांचे दागिने आले, ओपीडीसमोर मंडप पडला आणि त्यात झोपाळा टांगला गेला. माझ्या नर्सेसनाही हिरव्या साड्या नेसवून ओवाळायच्या रांगेत उभं करायचं ठरलं. वॉर्डात कोण थांबणार, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, तुम्ही लीडर आहात, मॅनेज करा की. माणसं कमी पडली की साहेबांना मी लीडर असल्याचं आठवतं.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सातव्या महिन्यातलं पोट फोटोत उठून दिसत नाही, असं साहेबांचं निरीक्षण होतं. म्हणून त्यांनी स्वतः वॉर्डात फेरी मारली आणि मंडईत भोपळे निवडावेत तशा बायका निवडल्या. त्यात काव्यावर बोट ठेवलं.

काव्या दुधनीची. दोन मुलींवरची तिसरी खेप, नववा महिना, पाय सुजलेले आणि बीपी चढलेलं. डॉक्टर मॅडमनी तिला सकाळीच दाखल करून घेतलं होतं आणि बाळंत होईपर्यंत सोडायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. अशा बाईला केव्हाही झटके येतात, आणि ते घरी आले तर आई आणि बाळ दोघंही हातची जातात. तिची सासू गौरम्मा त्याला कशीबशी तयार झाली होती. नवरा शरणबसव चिंचोळी एमआयडीसीत कामाला. तो आधी आईच्या तोंडाकडे बघायचा आणि मग मान हलवायचा.

ही बाई पलंगावरून हलणार नाही, असं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. झोपाळ्यावर बसणं म्हणजे विश्रांतीच की, असं ते म्हणाले. डॉक्टर मॅडम ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. मी त्यांना निरोप धाडेपर्यंत काव्याला मोगऱ्याचा मुकुट चढवून व्हीलचेअरवर मंडपात नेलंसुद्धा. मी बीपीचं मशीन काखेत मारून मागे धावले.

आता वाट्यांचं सांगते. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. बाई न बघता एक उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घरोघरचा खेळ आहे, हसतात आणि विसरतात. पण आमच्या दारावर 'इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' असा मोठा फलक आहे, आणि हॉस्पिटलनेच असं भाकीत करणं कायद्यात बसत नाही, ही शंका साहेबांना आदल्या दिवशी आली. खेळ रद्द करावा हे कुणालाही सुचलं असतं. साहेबांना सुचलं ते असं की दोन्ही वाट्यांत बर्फीच ठेवायची. निवड नाही म्हणजे भाकीत नाही, आणि वर 'लेक वाचवा' हा संदेशही गेला. कायदा आणि समाजसेवा एका दगडात मारल्याच्या आनंदात त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून आम्हाला चहा पाजला.

प्रमुख पाहुण्या सकाळी येणार होत्या, त्या जेवण करून आल्या. त्यांना पुढे टेंभुर्णीचा कार्यक्रम होता. त्यामुळे साहेबांनी क्रमच उलटा केला. ओटी भरायला वेळ लागतो, ती नंतर बघू, फोटो वाट्यांचा चांगला येतो, तो आधी. खण, नारळ, तांदळाची ताटं तशीच बाजूला राहिली.

पहिल्या बाईने वाटी उचलली. बर्फी. टाळ्या पडल्या. दुसरीचीही बर्फी. तिसरीला बर्फी निघाली तेव्हा मागे बसलेल्या सासवांच्यात कुजबुज सुरू झाली. चौथीच्या सासूने सुनेला खुणेने दुसरी वाटी उचलायला सांगितलं, तिच्यातूनही बर्फीच आली. पाहुण्या हरखून गेल्या आणि सोलापुरात लेकींची लाट आली आहे, असं माइकवर म्हणाल्या. शेवटी काव्या. तिने वाटीवरचं झाकण काढलं आणि गौरम्मांचा चेहरा मी पाहिला. त्या उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. पाहुण्यांच्या खांद्यावर तोवर सोलापुरी चादर पडली होती आणि त्या गाडीत बसतही होत्या.

मी काव्याला वॉर्डात आणून झोपवलं. बीपी सकाळपेक्षा चढलेलं होतं. गौरम्मा मागोमाग आल्या आणि पलंगाखालची पिशवी भरायला लागल्या.

"मुलगीच हाय म्हटल्यावर एवढं हॉस्पिटल कशाला? दुधनीत सुईण हाय की. हिच्या दोन्ही पोरी तितंच झाल्या."

शरणबसवने आईकडे बघितलं आणि मान हलवली. आमच्या जबाबदारीवर नेतो, सही कुठं करायची, एवढंच त्याने विचारलं.

मी आधी रीतसर समजावलं. बीपी म्हणजे काय, झटके म्हणजे काय, रस्त्यात काय होऊ शकतं. गौरम्मांनी ऐकून घेतलं आणि साड्यांची घडी घालत राहिल्या. मग संस्कृतीने, म्हणजे माझ्या सगळ्यात तरुण नर्सने, समुपदेशनाचा चित्रांचा संच काढला. त्यातली बाई हसतमुखाने लोहाच्या गोळ्या खात होती. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग मी ओरडले. वॉर्डातल्या बाकीच्या बायका दचकून उठल्या, गौरम्मा मात्र तेवढ्यावर हलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या आयुष्यभर माझ्याहून मोठ्याने ओरडत आल्या असाव्यात. डॉक्टर मॅडमही येऊन बोलून गेल्या. मी साहेबांना बोलावणं पाठवलं, तर ते फोटो निवडत होते.

आता मला लाज वाटली पाहिजे असं मी जे केलं, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. बाई पिशवी भरून निघालीय, पलंगावर पोर हातापायाला सूज घेऊन पडलीय, आणि माझं सगळं शास्त्र एका बर्फीपुढे हरलंय. मग मी शास्त्र गुंडाळून ठेवलं.

मी गौरम्मांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अम्मा, तुम्ही एवढ्या जाणत्या. ओटी भरायच्या आधी वाट्या उचलल्या. असलं कुठं धरतात का?"

त्यांचा हात पिशवीवर थांबला. क्रम चुकला होता, हे त्यांनीही बघितलं होतं. मंडपात इतक्या जाणत्या बायका असून कुणी बोललं नाही याचा त्यांना राग आला, आणि तो राग माझ्या उपयोगाचा होता. मी म्हणाले, ओटी तुमच्या हातून भरा, रीतीने, आणि मग वाट्या ठेवू. जे निघेल ते खरं.

सकाळीच समोरच्या पलंगावर मुलगा झाला होता आणि त्यांचा पेढ्यांचा पुडा आमच्या ड्युटी रूममध्ये पडला होता. मी संस्कृतीला दोन वाट्या घेऊन यायला सांगितलं आणि कानात आणखी एक गोष्ट सांगितली. पोरीने डोळे मोठे केले. हे आपल्या प्रोटोकॉलमध्ये बसतं का, असं तिने विचारलं. मी म्हणाले, प्रोटोकॉल बाईला जिवंत ठेवायला असतो, जा.

गौरम्मांनी ओटी भरली. हळद-कुंकू लावलं, खण-नारळ पदरात घातला, पुटपुटत काहीतरी कानडीत म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका उठून बसल्या. संस्कृतीने झाकलेल्या वाट्या पुढे धरल्या. काव्याने वाट्या जवळ, पदराआड घेतल्या. एकीवर हात ठेवला, मग दुसरीवर, मग पहिली उचलली. पेढा निघाला.

गौरम्मांनी पिशवी पलंगाखाली सारली आणि चटई पसरली. शरणबसवने आईकडे बघून मान हलवली. पुढे साहेबांना हे कुठून तरी कळलं, तेव्हा त्यांनी ट्रस्टच्या मासिक अहवालात 'नातेवाइकांचे यशस्वी समुपदेशन' असा उल्लेख केला. त्याबद्दल संस्कृतीला प्रशस्तिपत्रक मिळालं. पोरीने ते घरी लावलंय म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काव्याचं बीपी औषधांना दाद देईना. डॉक्टर मॅडमनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि सिझर केलं. माझ्या पोरी त्या दिवशी हिरव्या साडीत नव्हत्या, म्हणून प्रत्येकीचा हात जागेवर होता. मुलगी झाली. लहानशी, पण आल्या आल्या तिने थिएटर डोक्यावर घेतलं. मला भरून आलं आणि मी ते मास्कमध्ये लपवलं, कारण इन्चार्ज रडली तर बाकीच्या कामाला लागत नाहीत.

गौरम्मांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वॉर्डात काव्याला आणलं तेव्हा त्या पलंगाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग पेढा कसा निघाला?"

मला काहीही सांगता आलं असतं. देवाची मर्जी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आदल्या दिवशीपासून माझा राग साठत आला होता, साहेबांवर, पाहुण्यांवर, या बाईवर, आणि वाट्या मांडायला लावणाऱ्या माझ्यावरही. मी म्हणाले, "दोन्ही वाट्यांत पेढेच होते. मी ठेवले होते. आणि मंडपात दोन्हीत बर्फी होती, ती साहेबांनी ठेवली होती. तुमच्या सुनेला दोन्ही वेळा निवडायला काहीच नव्हतं."

"फसवलं की तुमी."

"हो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फसवीन."

त्या माझ्यावर चालून येतील असं वाटलं. म्हाळसाबाई, आमच्या आया, झाडू टाकून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पण गौरम्मा वळल्या त्या काव्याकडे. त्यांना निदान एक तरी माणूस आपल्यासारखं फसलेलं हवं होतं.

"बघ, तुलाबी फसवलं ह्यांनी."

काव्या भुलीतून पुरती बाहेर आली नव्हती. तिने डोळे उघडले. आवाज जेमतेम निघत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मला म्हाईत हुतं, अत्ती. झाकणं उचलून बघितली मी. दोन्हीत पेढेच हुते."

"मग बोलली न्हाईस ती?"

"बोलले असते तर तुमी मला घरी नेलं असतं की."

शरणबसव दारात उभा होता. या वेळी त्याने आईकडे बघितलं नाही, खाली बघत राहिला. बाळ रडायला लागलं. त्याला दूध पाजायची वेळ झाली होती. मी गौरम्मांना पडद्याबाहेर थांबायला सांगितलं, आणि त्या थांबल्या.