सांगितल्यावर सोपं

तिने चिकटपट्टीचा तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवला, अंगठ्याने दाबला आणि टोक धरून सावकाश ओढला. पट्टी आधी चिवटपणे ताणली गेली आणि मग एका दमात सुटून आली. लाकडावर डाग नव्हता. तोच तुकडा तिने पुन्हा त्याच जागी दाबला, तर तो पहिल्यासारखाच बसला.

“चिकटते छान,” ती म्हणाली. “वाद त्याबद्दल नाहीच.”

समोरच्या दोघांपैकी वकील हसला. दुसरा हसला नाही. पट्टीवरचा डिंक त्याने बनवला होता. माणूस रसायनांतला, एका शेडच्या कारखान्याचा मालक. नखांच्या कडांना काहीतरी तपकिरी कायमचं बसलेलं. त्याची नजर पट्टीवरून हलत नव्हती.

ती पेटंट कार्यालयात परीक्षक होती. नवं म्हणून जे समोर येतं ते खरंच नवं आहे का, हे ती पाहायची. नवं असलं तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ते सहज सुचण्यासारखं होतं का, हेही पाहायची. सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट नाही. या दुसऱ्या प्रश्नाला ती फार कडक होती. कार्यालयात तिच्या पाठीमागे तिला कात्री म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

या अर्जातला डिंक गरम केला की पातळ व्हायचा आणि पट्टीवर पसरायचा. त्यात डोकं धरायला लावणारं, उग्र वासाचं कसलंही द्रावण नव्हतं. पसरून झाल्यावर अतिनील दिव्याचा झोत दिला की तो आतून घट्ट बांधला जायचा, तरीही बोटाने दाबताच चिकटायचा. दिवा कमी पडला तर उन्हात घसरायचा, जास्त झाला तर कोरडा पडायचा. त्या दोन्हींच्या मधली जागा रसायनवाल्याने शोधली होती.

तिने दोन जुने कागद पुढे सरकवले.

“एकात गरम करून लावायचा डिंक आहे. दुसऱ्यात दिव्याखाली घट्ट होणारा. दोन्ही तुमच्या आधीचे. तुम्ही ते एकत्र आणलेत. तुमच्या धंद्यातल्या कुणीही आणले असते.”

रसायनवाला थांबत थांबत बोलायला लागला. धंद्यातले सगळे याच गोष्टीला भीत होते, असं त्याचं म्हणणं. दिव्याखाली डिंक बांधणारा, प्रकाशाचा भुकेला असा एक घटक असतो; तो गरम भट्टीत टाकला की दिवा लागायच्या आधीच सगळा माल जेलीसारखा गोठायचा. त्याची स्वतःची भट्टी अशी गोठली होती, छिन्नी घेऊन आत उतरावं लागलं होतं. शेवटी त्याने तो घटक वरून टाकायचंच सोडलं. डिंकाची जी लांब साखळी असते तिच्यातच तो मण्यासारखा ओवून घेतला. ओवल्यावर तो मुकाट उष्णता सोसू लागला आणि दिव्याची वाट पाहू लागला.

“कष्टाला पेटंट नसतं,” ती म्हणाली. दुखवायला नव्हे; नियमच तसा होता.

“सांगितल्यावर सोपं वाटतं, बाई,” तो म्हणाला.

हे वाक्य तिने आजवर इतक्यांच्या तोंडून ऐकलं होतं की ते आता नुसतं कानावरून निघून जायचं. वकिलाने जाता जाता एक गोष्ट तिच्या कानावर घातली. एक मोठी कंपनी हा डिंक परवाना घेऊन बनवायला तयार होती. पेटंट नाकारलं तर परवाना कशाला घेईल? सरळ बनवायलाच घेईल, आणि मग शेडला कुलूप. तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात निर्णय लेखी कळवते म्हणाली. निर्णय तिच्या मनात तयारच होता.

त्या संध्याकाळी जेवताना अप्पांनी चमचा खाली ठेवला.

अप्पा तिचे वडील. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. तिची आई गेल्यावर ती त्यांना आपल्या घरी घेऊन आली, तेव्हापासून मागची खोली त्यांची होती. खिडकीशी टेबल, टेबलावर चिमटे, बारीक सुऱ्या आणि डोळ्याला लावायचं भिंग. कामं आता कुणी फारशी आणत नसे, तरी ते रोज सकाळी भिंग पुसून ठेवायचे.

“मी खाली राहायला जायचं म्हणतोय,” अप्पा म्हणाले.

“खाली म्हणजे?”

“शिवणबाईंकडे. रीतसर. नोंदणी करून.”

शिवणबाई तळमजल्यावर राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कपडे सैल करणं, घट्ट करणं, रफू, बटणं, असली कामं करायच्या. दाराला पितळी घंटा होती आणि ती जिन्यात वरपर्यंत ऐकू यायची.

शेजारी जेवत असलेल्या तिच्या नवऱ्याने भांड्यातलं उरलेलं स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. “मला वाटलंच होतं,” तो म्हणाला.

अप्पांनी मुलीकडे पाहिलं. तुला पटत नसेल तर विषय इथेच संपला, असं ते म्हणाले. तू मला घरात घेतलंस, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. आवाज साधाच होता, पण रुमालाची घडी त्यांनी घातली, मोडली आणि परत घातली.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

“लेखी देणार का?” अप्पा म्हणाले. नवरा हसला. तिला हसू आलं नाही.

जेवणानंतर तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण जराही दचकली नाही. ताई, तुला आत्ता कळतंय? मी उन्हाळ्यात राहायला आले होते तेव्हाच ओळखलं मी. एवढं समोर असलेलं दिसलं नाही तुला, आणि सरकार तुला पगार कशाचा देतं? असं म्हणून ती पोटभर हसली.

फोन ठेवल्यावर एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन रांगेत उभी राहिली. शिवणबाईंचं भिंतीवरचं घड्याळ दर आठवड्याला बिघडायचं, आणि अप्पा ते दुरुस्त करायला खाली जायचे. सारं आयुष्य बंद घड्याळं चालू करणाऱ्या माणसाला एक घड्याळ दुरुस्त होत नव्हतं. अप्पांचा रेडिओ खाली गेला तो परत आलाच नाही. आणि बटणं. अप्पांच्या शर्टाला बटण टिकत नसे. आज हे, उद्या ते. तिने साबण बदलला, मग जाड कापडाचे शर्ट आणले, शेवटी कपडे धुण्याच्या मशीनवर संशय घेतला. अप्पा शर्ट घेऊन निमूटपणे जिना उतरायचे. घंटा वाजायची. बऱ्याच वेळाने परत यायचे, शर्टाला बटण आणि चेहऱ्यावर तकाकी.

इतकं उघड होतं. लग्नाचं तिला वाईट वाटलं नव्हतं. शिवणबाई चांगल्या होत्या, तळमजला काही परगाव नव्हे. जे लागलं ते दुसरंच होतं. उघड काय आणि काय नाही, हे सांगण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि तिच्याच घरात सगळ्यांना दिसलेलं तिला दिसलं नव्हतं.

नवरा भांडी विसळत होता. ती फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.

“तुला केव्हा कळलं?”

“मला? केव्हापासूनच.”

“म्हणजे कधी? दिवस सांग.”

“अगं, दिवस कसा सांगू? घड्याळ, बटणं. दिसतच होतं की सगळं.”

“बटणं दिसली तेव्हा तू काय म्हणाला होतास?”

त्याने एक ताट दोनदा विसळलं.

“मशीनवाल्याला बोलाव म्हणालो होतो.”

“आलाही होता तो. ड्रम काढून बसला होता. तू त्याला चहा दिलास, आणि दोघांनी मिळून बटणं शोधली.”

नळ बंद झाला. नवऱ्याने हात पुसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “परवा. अप्पांनी मला परवा सांगितलं. तुझ्यापाशी विषय कसा काढायचा म्हणून विचारत होते.”

“आणि परवापर्यंत काय वाटायचं तुला?”

“परवापर्यंत वाटायचं की म्हाताऱ्याचं पोट सुटलंय.”

आता मात्र ती हसली. ओट्याला टेकून, फडकं तोंडाशी धरून. आतल्या खोलीत अप्पांना ऐकू गेलं असावं, कारण तिकडची हालचाल क्षणभर थांबली. मग तिला आठवलं, उन्हाळ्यात बहीण राहायला आली होती तेव्हा शिवणबाई गावालाच गेल्या होत्या. दाराला कुलूप होतं. बहिणीने ओळखलं ते आज, फोनवर.

रात्री अंथरुणावर पडल्यावर रसायनवाल्याचं ते ‘सांगितल्यावर सोपं वाटतं’ तिच्या कानावरून निघून गेलं नाही. तिथेच बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिने त्याचा अर्ज उचलून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. टेबलावर राहिले ते दोन जुने कागद. उत्तर आपल्याला ठाऊकच नाही, असं धरून ती ते वाचायला बसली. हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. खणातला डिंक सारखा मध्ये यायचा. शेवटी ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, खाली रस्त्यावर एक माणूस सायकलच्या मागे शिडी बांधत होता ते पाहत राहिली, आणि मग परत येऊन अगदी पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

दिव्याच्या डिंकाच्या कागदात, मधेच कुठेतरी, एक वाक्य होतं. हे मिश्रण कोणत्याही परिस्थितीत तापवू नये, तापवल्यास ते भांड्यातच गोठेल. तिने ते आधीही वाचलं होतं. शेजारी पेन्सिलीची बारीक खूणही तिचीच होती. पण तेव्हा उत्तर तिच्या हातात होतं, त्यामुळे वाक्याला वजन नव्हतं. आता ते वाक्य वाटेत आडवं पडलं होतं. ज्या वाटेने कुणीही सहज गेलं असतं असं ती म्हणत होती, त्या वाटेच्या तोंडावर धंद्यातल्याच माणसाने पाटी लावून ठेवली होती, की इकडे येऊ नका.

तिने आक्षेप मागे घेतला. मात्र ती कात्रीच होती. अर्जात प्रकाशाने घट्ट होणाऱ्या गरम डिंकांवर सरसकट हक्क मागितला होता, तो तिने छाटला. घटक साखळीत ओवलेला असेल तेवढ्यापुरताच हक्क. वकील फोनवर कुरकुरला. मागून रसायनवाल्याचा आवाज आला, तेवढाच तर माझा आहे, द्या म्हणावं. मग काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी मोठ्याने हसलं.

संध्याकाळी ती जिना चढून वर गेली नाही. तळमजल्यावरची घंटा वाजवली.

दार उघडंच होतं. शिवणबाई शिलाई मशीनपाशी बसल्या होत्या आणि अप्पा खिडकीखाली, मांडीवर ते भिंतीवरचं घड्याळ घेऊन. तिला पाहताच दोघंही उठून उभी राहिली, वर्गात मास्तर आल्यासारखी. अप्पांच्या हातातला स्क्रू घरंगळत मशीनखाली गेला.

“बसा,” ती म्हणाली. “दोघंही.”

मग तिला पुढचं काही सुचेना. लेखी असतं तर बरं झालं असतं. तिने अंगातला कोट काढला आणि शिवणबाईंपुढे धरला.

“याचं वरचं बटण सैल झालंय. वेळ मिळेल तसं द्या. घाई नाही. आता घरातलंच आहे.”

अप्पांनी मान खाली घातली आणि स्क्रू शोधायला लागले. ते बराच वेळ वाकून राहिले. शिवणबाईंनी कोट घेतला, बटण दोन बोटांत धरून पाहिलं, सुईत दोरा ओवला. हात स्थिर होता, डोळे तेवढे ओले.

“एक विचारू?” ती म्हणाली. “आमच्याकडे आता सगळेच म्हणतात, आम्हाला माहीत होतं. एकालाही नव्हतं. तुम्हाला केव्हा कळलं?”

“मला?” शिवणबाईंनी दोरा ओढून घेतला. “पहिल्याच शर्टाला.”

“पहिल्याच?”

“धुण्याच्या मशीनमध्ये तुटलेला दोरा पिंजतो, त्याला तुसं येतात. तुमच्या अप्पांचा दोरा सरळ कापलेला होता. बारीक सुरीने, एका फटक्यात. शिवणाऱ्याला दिसतं ते.”

अप्पा अजून मशीनखालीच होते.

“मग तुम्ही बोलला कशा नाहीत?”

“बोलायचं काय त्यात?” शिवणबाईंनी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. “त्या शर्टापासून मी टाकेच सैल घालत गेले. माणसाला सारखी सुरी काढायला नको.”

अप्पा स्क्रू घेऊन मशीनखालून बाहेर आले आणि शिवणबाईंकडे बघतच राहिले. हे मात्र त्यांनाही नवीन होतं.