शेजारचा शब्द

"टोपी!" मार्तंडराव पलंगावरून ओरडले, तशी इंदूताईंनी लगबगीने टेबलावरचा चष्मा उचलून त्यांच्या नाकावर चढवला.

"आई, बाबांनी टोपी मागितली," सुश्रुत म्हणाला.

"हो, म्हणूनच चष्मा दिला. बघ, खूश आहेत की नाही!"

खरंच, मार्तंडराव समाधानाने भिंतीवरची दिनदर्शिका वाचू लागले होते. सुश्रुतने मात्र कपाळाला हात लावला. तो सकाळीच पुण्याहून नगरला आला होता, आणि जे सांगायला आला होता ते ओठांवर येऊन अडत होतं.

गेल्या हिवाळ्यात मार्तंडरावांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दांची पार सरमिसळ झाली. जन्मभर पारनेरच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस, पण चहा हवा असला की 'बशी' म्हणू लागला, पंख्याला 'खिडकी' म्हणू लागला. इंदूताई आधी रडल्या, मग पदर खोचून कामाला लागल्या.

त्यांचा स्वभावच तसा. नोकरी टेलिफोन ऑफिसात झाली, पण डोकं कायम कसल्या ना कसल्या कोड्यात. दूधवाला कशावरून रुसलाय, समोरच्या स्नेहलचं कुणाशी जमलंय, हे त्यांना त्या त्या घरच्यांच्या आधी कळायचं. फार कशाला, त्यांना बघायला आलेला मार्तंड नावाचा मुलगा तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. पण करपलेले पोहे त्याने पुन्हा मागून घेतले आणि तेवढ्यावरून इंदूने त्याचा होकार ओळखला. तेव्हा नवऱ्याच्या या विस्कटलेल्या बोलण्यातही काहीतरी मेख असणार, हे त्या धरूनच चालल्या, आणि ती सापडलीही. हवा तो शब्द मार्तंडरावांच्या तोंडी येत नव्हता; त्याच्या शेजारचा येत होता.

"आई, ऐक," सुश्रुतने शेवटी घसा खाकरला. "पुण्यात एक चांगलं केंद्र बघितलंय, बाबांसाठी. रात्रंदिवस माणसं असतात देखभालीला. तू आमच्याकडे राहा."

"आणि हे तिथे एकटे?"

"त्यांना आता काय कळतंय, आई? सकाळी तुला काय हाक मारली? पौर्णिमा!"

इंदूताई खुदकन हसल्या. "अरे, इंदू म्हणजे चंद्रच ना! त्यांची पौर्णिमा मीच की."

सुश्रुत हसला नाही. "तू तुला हवे तसे अर्थ लावतेस."

हे मात्र त्यांना लागलं. खरंच का आपण मनाचेच खेळ खेळतोय? त्या काही बोलणार, एवढ्यात पलंग करकरला.

"दिवाळी!" मार्तंडराव म्हणाले. डावा हात आधी दिनदर्शिकेकडे गेला, मग सुश्रुतकडे. "दिवाळी! दिवाळी!"

फरशी पुसणारी लंकाबाई हसली. ती पाथर्डीकडची, घरकामाला यायची. "आज दिवाळी म्हनता व्हय सर? मंग मला सुट्टी द्या की!"

"बघ," सुश्रुत हळूच म्हणाला. "जून महिन्यात दिवाळी."

"कापूस!" मार्तंडरावांचा आवाज चढला. "कापूस! ऊस!"

"कापूस म्हंजी उशी आसंल, बाई. मान आवघडली आसंल."

इंदूताईंनी उशी सारखी केली. मार्तंडरावांनी ती ढकलून दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. पण इंदूताईंचे डोळे चमकायला लागले होते. त्या खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या.

"थांबा, थांबा! ऊस म्हणजे साखर. बरोबर?"

मार्तंडरावांनी जोरात मान हलवली.

"कापूस... गादी नाही, उशी नाही... वात! निरांजनाची वात! वात, साखर, आणि दिवाळीसारखा दिवस..." त्या धावतच दिनदर्शिकेपाशी गेल्या. बोट त्या दिवसाच्या चौकटीवर टेकवलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई! ज्येष्ठ वद्य पंचमी!"

"म्हणजे?"

"तुझा तिथीने वाढदिवस, सुश्रुत! दर वर्षी ओवाळते तुला, नाही तर फोनवर तरी आशीर्वाद देते. यंदाच्या गडबडीत मीच विसरले रे. मी विसरले... आणि यांनी लक्षात ठेवलं!"

लंकाबाई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. "देवा, बापाचा जीव," ती पुटपुटली.

इंदूताईंना आता दम कुठला! पाट मांडला, तबक आणलं, वात तुपात भिजवली. सुश्रुत पाटावर बसला. ओवाळून झाल्यावर मार्तंडरावांनी डावा हात पुढे केला. चिमटीतली साखर कशीबशी लेकाच्या तोंडापर्यंत आली; निम्मी त्याच्या शर्टावर सांडली. त्याने ती झटकली नाही. किती तरी वेळ तो वडिलांचा हात धरून बसला. केंद्राचं नाव काही त्याने पुन्हा काढलं नाही.

थोड्या वेळाने मार्तंडराव म्हणाले, "पाऊस."

तहान लागली असणार. इंदूताईंना लगेच कळलं, त्यांचा हात तांब्याकडे गेलाही.

"थांब आई, सांगू नकोस!" सुश्रुतने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "पाऊस... खिडकी लावू का, बाबा? नाही? मग... पांघरूण?"

इंदूताईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसत त्या गप्प उभ्या राहिल्या.