वीस पौंडांचा नियम

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं नऊ वर्षं केल्यावर व्हर्नाने ठरवलं होतं, आता कुणाला घास भरवायचा नाही. क्लिफर्ड गेला, तसा तिने त्याचा लांब दांड्याचा चमचा ड्रॉवरच्या तळाशी ढकलला आणि लुनेनबर्गला बहिणीला फोन लावला. लोइसचं घर समुद्रकाठी, वरची खोली रिकामी.

"ये आणि नुसती पडून राहा," लोइस म्हणाली. "मे महिन्यात ये, थंडी सरली की."

पण मुलगी आडवी आली. आई एकटी पडेल, याचा डेनिसने धसकाच घेतला होता. महिनाभर तिने इंटरनेट पालथं घातलं आणि कुत्र्याची जात निवडली: बिशाँ. केस गळत नाहीत, मांडीत मावतो, पंधरा-सोळा वर्षं सहज जगतो. पिल्लू घाण करतं, म्हणून वर्षाचा बघून ख्रिसमसला आणला.

"आणि आई, यांना माणसाशिवाय करमतच नाही," ती कौतुकाने म्हणाली. "हा ऑझी तुला सोडून हलायचा नाही बघ."

सत्तरी ओलांडलेल्या व्हर्नाने आपल्या वयात मनातल्या मनात पंधरा मिळवले. तोंडाने मात्र म्हणाली, "किती गोड आहे गं!" भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ, आणि बाईने थँक्यू म्हटलं. जन्मभर सेवेबद्दल शाबासकी मिळालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हे एक दुखणंच आहे.

ऑझी खरंच हलायचा नाही. ती बाथरूममध्ये गेली की दाराशी रडायचा. दुकानात गेली की भुंकून हॅमिल्टनमधली तिची सगळी बिल्डिंग डोक्यावर घ्यायचा. रोज विंचरायचं, डोळ्यांखालचे डाग पुसायचे, दातसुद्धा घासायचे. बरं, लोइसकडे न्यावं, तर तिच्याकडे दोन दांडगी शिकारी कुत्री.

सुटकेची वाट बिल्डिंगनेच दाखवली. वीस पौंडांपेक्षा जड कुत्रं ठेवायचं नाही, असा नियम. दर एप्रिलला खालच्या हॉलमध्ये वजन होतं. लोक एका हातात डोनट, दुसऱ्या हातात कुत्रं घेऊन रांगेत उभे राहतात. आधीचा आठवडाभर सगळी कुत्री अर्धपोटी. व्हर्नाने उलटं केलं. बेकनची चरबी, चीज, लोण्यात परतलेली अंडी. ऑझी फुगत गेला. तो शेपूट हलवत खायचा तेव्हा तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी ती आणखी एक तुकडा टाकायची.

वजनाच्या दिवशी मॅनेजर गॉर्डनने ऑझीला काट्यावर ठेवलं. काटा विसाच्या पुढे गेला. वर घरात व्हर्नाची बॅग भरून तयार होती. गॉर्डनने इकडेतिकडे पाहिलं, ऑझीच्या पोटाखाली हळूच दोन बोटं घातली आणि जरासं उचललं.

"एकोणीस!" तो ओरडला. मग तिच्या कानाशी लागला, "घाबरू नका व्हर्ना. याला तुमच्यापासून कोण तोडतंय? क्लिफर्डचं तुम्ही केलंत ते पाहिलंय आम्ही."

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी ऑझी पाठीची कमान करून ओकायला लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तेलकट-तुपकट काही खाल्लं का याने?"

"मी घातलं," व्हर्ना म्हणाली. डेनिस शेजारीच उभी होती. "मुद्दाम घातलं. याला बिल्डिंगमधून काढतील म्हणून. मला लोइसकडे जायचंय, डेनिस. मला आता कुणाचं काही करायचं नाहीये."

इतकं स्पष्ट ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. डेनिसचे डोळे भरून आले. तिने आईला घट्ट मिठी मारली.

"दमलीस गं तू. घाबरलीस, म्हणून काहीतरी बोलतेस. मी येत जाईन ना दर रविवारी!"

स्वादुपिंड सुजलं होतं. ऑझी वाचला, पण आता जन्मभराचं पथ्य: उकडलेलं, मऊ, थोडं थोडं, दिवसातून चारदा. घरी आल्यावर तो ताटलीला तोंड लावेना. डेनिसने हाताने भरवून पाहिलं, तर मान फिरवली. व्हर्नाकडे बघत राहिला.

डेनिस गेल्यावर व्हर्नाने लोइसला फोन केला. "मे महिन्यात नाही जमायचं."

"मग कधी?" लोइसने विचारलं.

व्हर्नाने फोन ठेवला. ड्रॉवर उघडला, तळाचा लांब दांड्याचा चमचा काढून धुतला आणि ऑझीपुढे जमिनीवर बसली.

"एवढा एकच," ती म्हणाली, नऊ वर्षं म्हणत होती त्याच आवाजात, आणि ऑझीने तोंड उघडलं.