वाळूतली बाही

“हलतंय ते!” म्हणत मुनिरा दोन पावलं मागे सरली.

काचेच्या पेटीत ओलसर हवा सोडलेली होती. आत वाळवंटातल्या एका पुरातन थडग्याजवळ सापडलेलं कापडाचं गाठोडं होतं, वाळलेल्या चामड्यासारखं कडक. झोपेत कुणी कूस बदलावी तसं ते सावकाश उलगडत होतं.

“लोकर आहे. दमट हवेत पीळ सैल होतो,” राजश्री म्हणाली. प्राचीन वस्त्रांच्या अभ्यासात तिनं पुण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. नवऱ्याच्या नोकरीपायी आखातातल्या मंगफ गावी आली, तेव्हा या खाजगी संग्रहालयात मुनिराच्या जोडीला काम मिळालं. मेलेल्यांचे कपडे तिला नवे नव्हते. तरी आज भर दुपारी अंगावर काटा आला. उलगडली ती बाही होती. कोपरापाशी वाकलेली, आत हात असल्यासारखी.

तिनं भिंग लावलं. शिवण मशीनची होती. मनगटाशी प्लॅस्टिकचं बटण.

“किती जुनं आहे?” मुनिरानं विचारलं.

राजश्री भिंगातून त्या बटणाकडेच पाहत राहिली. तेरा वर्षांपूर्वी, आखाती युद्धाच्या हिवाळ्यात, मुनिराच्या भावाला शत्रूच्या सैनिकांनी घरातून नेलं होतं. आता २००४ उजाडलं, तरी त्याचा पत्ता नव्हता.

“सांग ना.”

“जुनं नाही गं. आपल्याच काळातलं आहे.”

मुनिरा रडली नाही. काचेवर तळहात टेकून उभी राहिली. आत आणखी एक चुणी सुटली आणि बाहीचं मनगट तिच्या हाताकडे वळलं. राजश्रीनं घाईघाईनं पेटीचा ओलावा बंद केला.

पोलिसांनी थडग्याजवळची वाळू उपसली. हाडं मिळाली, तपासली गेली. तो जवळच्या फिंतास गावातला, त्याच युद्धात बेपत्ता झालेला एक तरुण निघाला. मुनिराचा भाऊ नव्हता.

“बरं वाटायला हवं ना मला?” मुनिरा म्हणाली. “पण त्याच्या आईचा हेवा वाटतोय.”

त्या आईनं बाही मागून घेतली. राजश्री आणि मुनिरा ती घेऊन तिच्या घरी गेल्या. शोकाला जमलेल्या बायकांत म्हातारीनं ती नाकाशी धरली, बराच वेळ. मग अरबीत काहीतरी पुटपुटली.

“धुतली नाहीत ना, विचारताहेत,” मुनिरा म्हणाली.

“नाही. आम्ही कधीच धूत नाही.”

म्हातारीनं मान हलवली, सरकून मुनिराला जवळ जागा करून दिली आणि बाहीचं एक टोक तिच्या मांडीवर पसरलं. मुनिरानं दोन्ही हातांनी ते धरलं.

त्या दोघींना तसंच राहू देऊन राजश्री उठली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.