काचेतलं ऑइल

आमच्या निपाणीत माणसापेक्षा गाडीचं कौतुक जास्त. तंबाखूच्या वखारीचे मारुतीराव यांनी अठ्ठ्याहत्तर साली ती जुनी यामाहा आणली, तेव्हा वखारीतल्या बायका हातातलं काम टाकून रस्त्यावर आल्या. गोव्याच्या एका बोटीवरच्या माणसानं ती कधीकाळी परदेशातून आणलेली, गोव्यातल्या खाऱ्या वाऱ्यात झिजलेली. लोंढा जंक्शनवरून रेल्वेनं बेळगावला आणि तिथून टेम्पोत आडवी घालून इथं. गावानं तिचं नाव 'जपान' ठेवलं.

तिला हात लावायचा मान आमच्या ह्यांचा. हे म्हणजे सत्याप्पा मिस्त्री, स्टँडखाली गॅरेज. घरात एक खुंटी ठोका म्हटलं तर दिवाळी उजाडते, पण जपानच्या स्क्रूत आपला पेचकस नीट बसत नाही म्हणून हे दिवसभर कानस घेऊन पेचकस घासत बसले. नवरा असावा तर असा, असं ती गाडी म्हणत असेल.

राजदूत, जावा अशा गाड्यांना पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन कोरडं पडून जाम होतं. मिस्त्रीची बायको असल्यामुळं एवढं मला कळतं. जपानला मात्र ऑइलची वेगळी टाकी आणि पंप. ऑइल आपोआप इंजिनात जाणार, टाकीच्या काचेतून ते दिसणार. पण पंपाचं सील म्हातारं झालेलं आणि दुसरं ना बेळगावात ना कोल्हापुरात. ह्यांनी पंप बंद केला आणि मारुतीरावांना सांगितलं, इथून पुढं राजदूतसारखं पेट्रोलात ऑइल घाला. त्यात चूक काही नव्हती, आपल्याकडचे सगळे मिस्त्री हेच करतात. फक्त मारुतीराव म्हणाले, काच रिकामी दिसता कामा नये, जपान बाद झाली म्हणून लोक हसतील. म्हणून त्या बंद टाकीत ह्यांनी नुसतं दाखवायला ऑइल भरून ठेवलं.

त्याच आठवड्यात माझा भाऊ मष्णू वास्कोहून रजेवर आला. बंदरावर कामाला असल्यामुळं असल्या गाड्या त्यानं चालवलेल्या. आमची आई, सोनुबाई, माझ्याकडं आलेली होती आणि तिला बोरगावला घरी जायचं होतं. ह्यांनी मष्णूला जपानची किल्ली दिली. म्हणाले, आईला सोडून ये, गाडीची ट्रायलपण होईल. गॅरेजातल्या गाडीत पेट्रोल कधी असतं? मष्णूनं पेट्रोल पंपावर भरून घेतलं.

बोरगावच्या रस्त्यावर दोघं पडले. मष्णूचं कोपर खरचटलं. आईचा खुबा मोडला.

मष्णूनं गाडी बेफाम मारली, हे कुणी पाहिलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. वास्कोची हवा लागली, आईला मागं बसवून रुबाब दाखवत होता. मीही तेच म्हणाले. दवाखान्यात सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, तुझं तोंड दाखवू नको. आई तेवढी सारखी सांगायची, "पोरगं सावकाश हुतं गं. गाडीच आपसूक धरली." पण पोराबद्दल आईची साक्ष कोण धरतं?

निपाणीत हाडाचा डॉक्टर होता, म्हणून आईला माझ्याकडंच ठेवलं. ती अंगानं थोराड, मला एकटीला उचलेना. आमच्यात सासू जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, एका खाटेवर बसत नाही. त्या बाईला रोज सकाळी न्हाणीत उचलून न्यायला लागले आमचे हे. पहिल्या दिवशी आई लाजेनं रडली. हे भिंतीकडं मान वळवून उचलायचे, बाहेर येऊन उभे राहायचे, पुन्हा आणून ठेवायचे. कधी कंटाळा नाही की कपाळाला आठी नाही. गल्ली म्हणायची, पोटचा असा निघाला आणि जावई बघा. मी सुखावायचे, खोटं कशाला सांगू?

मष्णू महिन्याकाठी यायचा. पायरीवर बसायचा. सुकी सुंगटं, म्हणजे तिकडची कोळंबी, काजू असं काही उंबऱ्याच्या आत ठेवायचा. आई हाक मारायची, पण तो आत जायचा नाही. एकदाच खाटेजवळ गेला होता, तर माझ्या चुलत्यानं विचारलं, "आता काय दुसरा खुबा मोडतोस?" तेव्हापासून पायरीच. मी चहा बाहेर नेऊन ठेवायचे आणि आत वळायचे.

जपान दुरुस्त व्हायला पाऊसकाळ उलटला. पिस्टन मिळेना, तो बेळगावात अनगोळच्या एका लेथवाल्याकडून घडवून आणला. एका रविवारी मारुतीराव गाडी न्यायला घरी आले. मष्णू तेव्हा पायरीवरच होता. त्याच्याकडं न बघता ते मागच्या अंगणात आले, तिथं लावलेल्या गाडीवर बसले, मोठ्या खुशीत होते.

"सत्याप्पा, आता कुणाच्या हातात दिलास तर सांगून दे बाबा, पेट्रोलात ऑइल घालाय लागतंय म्हणून. काच बघून माणूस फसतंय."

आणि गेले. मी दारात उभी होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"मष्णूला सांगितलं हुतं काय?" मी विचारलं.

हे फडक्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"इचारतोय मी," मी पुन्हा म्हणाले.

"न्हाय. ध्यानात न्हाय आलं."

"कधी कळलं तुमास्नी?"

"इंजिन खोललं तवाच. पिस्टन कोरडा पडून घासलेला. त्यानं काच बघितली, ऑइल हाय म्हणून नुसतं पेट्रोल भरलं. चाक जाग्यावर धरलं." फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "सांगणार हुतो. पण आदल्या दिवशीच तू म्हणालीस, तुमी हायसा म्हणून आई हाय. मग जीभ उचलली न्हाय. रोज वाटायचं, उचलून न्हेतोय न्हवं, फिटंल."

मला इतका राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. ह्यांचा राग, मारुतीरावांच्या काचेचा, माझ्या स्वतःच्या तोंडाचा. आणि त्याच रागात भीतीही होती. हे बाहेर पडलं तर उद्या कोण ह्या गॅरेजात गाडी लावेल? माझी दोन लेकरं ह्याच गॅरेजावर जगतात. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मष्णूला तर सवयच झाली होती.

त्या 'सवय' शब्दाचीच मला शरम वाटली. "बाहेर बसलाय त्यो," मी म्हणाले. "जावा, सांगा."

"आत्ता?"

"न्हायतर मी सांगतो," मी म्हणाले.

हे गेले. पायरीवर मष्णूच्या शेजारी बसले. मी उंबऱ्यात. सांगायला फार वेळ लागला नाही, खरी गोष्ट लांबलचक नसतेच. मष्णू ओरडेल, गळा धरेल, निदान उठून जाईल असं मला वाटलं होतं. त्यानं जमिनीकडं बघत विचारलं,

"म्हंजे दाजी, मी जोरात न्हवतो?"

"न्हवतास."

"मला आता आठवतंय की जोरात हुतो. आई मागनं म्हणत हुती, हळू मार म्हणून. आठवतंय मला."

"ती काय बोलली न्हाय रं," मी म्हणाले. हुंदका आवरेना म्हणून तो मनगट चावत बसला.

आतून आईनं हाक मारली. भिंत आमची कुडाची, तिला सगळं ऐकू गेलं होतं. हे सवयीनं उठले आणि आत खाटेपाशी गेले, हात पुढं करून. आईनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, पार कपाळाखाली.

"जावईबापू, तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मष्णूला बोलवा. मला न्हाणीत जायाचं हाय."

मष्णू आत आला. त्याला उचलायचं कसं ते माहीत नव्हतं. एक हात मोडक्या खुब्याखालीच घातला. आईचा चेहरा कळवळला, पण तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला आणि हूं की चूं केलं नाही. हे मागं सरून दारात उभे होते, जायला जागा नव्हती.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. "वाट द्या त्याला."