सोडणीची तारीख

गोडाची मला शिसारी आहे. चहातसुद्धा साखर घालत नाही. लोक हळहळून विचारतात, शुगर आहे का? शुगर कसली! मी मिठाईच्या गोदामात कामाला आहे, एवढंच.

आमचा मालक वितालि एदुआर्दोविच भेटीचे डबे विकतो. नववर्षाला विकतो, आठ मार्चला बायकांसाठी विकतो, सप्टेंबरात शाळा उघडते तेव्हा विकतो. वेफर, जेली, टॉफी, चॉकलेटं वेगवेगळ्या कारखान्यांतून खोक्यांनी येतात. खाली गोदामात बायका ती रंगीत डब्यांत भरून फीत बांधतात, आणि वर कचेरीत मी कॉम्प्युटरवर त्याची नोंद करते. आमच्यात तिला बांधणी म्हणतात. बटण दाबलं की साठ्यातून वेफर कमी, टॉफी कमी, डबा कमी, फीत कमी, आणि त्या सगळ्यांच्या जागी एक भेट उभी राहते. न खपलेला डबा दुकानातून परत आला की उलटी नोंद, म्हणजे सोडणी. भेट नाहीशी होते आणि तिचे तुकडे पुन्हा आपापल्या फळीवर जाऊन बसतात.

सोडणी करावीच लागते, कारण आमच्या लोकांना नववर्षाच्या डब्यावर चिनी पंचांगातला येणाऱ्या वर्षाचा प्राणी लागतो. गेल्या खेपेला डुक्कर होतं. डिसेंबरात त्या डुकरासाठी दुकानांत मारामारी, आणि जानेवारी उजाडला की त्याला कुत्रं विचारत नाही. डब्यातलं चॉकलेट तेच असतं, पण डुकराची वेळ टळलेली असते. मग डुकरं ट्रक भरभरून आमच्याकडे परत येतात. बायका त्यांची पोटं उघडतात, आतला माल काढतात, आणि तो पुढच्या सणाच्या डब्यात जातो.

इथवर मला काही म्हणायचं नाही. धंदा आहे. पण सोडणीच्या नोंदीत एक रकाना असतो, माल कधी तयार झाला त्याच्या तारखेचा. प्रत्येक तुकड्यासमोर ती हाताने भरावी लागते. रिकामी सोडली तर प्रोग्राम आपला त्या दिवसाचीच तारीख घालून मोकळा होतो, आणि पुढे तीच डब्यावर छापली जाते. माझ्या आधी जी मुलगी होती ती आळशी होती, ती रिकामीच सोडायची. वितालि एदुआर्दोविचला हे कळलं तेव्हा त्याने तिला झापायला हवं होतं. त्याने तिला बोनस दिला.

कारण सरळ होतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात भाजलेला वेफर डुकराच्या आधीच्या वर्षी कुत्र्याच्या डब्यात गेला, जानेवारीत सोडला, जानेवारीचा झाला. मार्चच्या डब्यात गेला, परत आला, एप्रिलचा झाला. सप्टेंबरच्या डब्यात गेला आणि ऑक्टोबरचा होऊन आला. मी पन्नाशी ओलांडली, गुडघे दुखतात, दर हिवाळ्याला एक दात जातो. आणि हा वेफर मात्र दर सणाला तरुण होतोय!

मी नोकरीला लागले आणि खऱ्या तारखा भरू लागले. वर्षभर आमची धुसफूस चालली. कधी तो नमायचा, कधी मी रजेवर असताना दुसऱ्याकडून काम उरकून घ्यायचा. मग डिसेंबर आला, आणि सोळा नंबरच्या शाळेची ऑर्डर आली. पहिलीच्या सगळ्या वर्गांसाठी उंदराचे डबे, कारण येणारं वर्ष उंदराचं.

"नेली अर्काद्येव्ना," मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "शाळेचे डबे परत आलेल्या मालातून बांधायचे. आज सोडणी टाका, उद्या बांधणी."

"त्यातला निम्मा माल मेलेला आहे."

"चॉकलेट कधी मरतं का? चॉकलेट म्हणजे कोन्याकची दारू. मुरतं."

"मग एक खोकं तुमच्या घरी पाठवते. मुरलेलं."

"आमच्याकडे गोड कोणी खात नाही," तो म्हणाला आणि हसला. त्याचे दात नवे बसवलेले आहेत, सगळे एकसारखे.

मी कोट चढवला आणि खाली गोदामात गेले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कशाला वाईट म्हणत नाही. पाहिल्यावर मात्र सोडत नाही.

गोदाम सांभाळते झान्ना. आम्ही दोघी एकाच जिन्यावर राहतो. बटाटे एकत्र लावतो, कोबी एकत्र खारवतो, तिचा नवरा गेला तेव्हा दुखवट्याचे चाळीस दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात झोपले. ती जाड लोकरी नमद्याचे बूट घालून टेबलाच्या टोकाशी उभी होती आणि चार बायका डब्यांतून माल उपसत होत्या. छताखाली एका बाजूला कपडे धुण्याची पावडर रचलेली, कारण मालकाला जागा भाड्याने द्यायची असते. त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक टॉफी साबणासारखी लागते. चॉकलेटांवर पांढुरकी बुरशीसारखी साय चढलेली. जेली कागदाला अशी चिकटलेली की कागदासकट चावावी. एक बाई दाढीच्या ब्रशाने वेफर झाडत होती.

"काय झाडतेयस?" मी विचारलं.

"जाळी," ती म्हणाली. "पतंगाची पिल्लं आहेत. झाडली की जातात."

एक अळी झाडूनही गेली नव्हती. ती वेफरच्या खाचेत वळवळत होती, पांढरी, भाताच्या शितासारखी. बाईने वेफर टेबलाच्या कडेवर ठोकला, अळी खाली पडली, आणि तिने वेफर नव्या कागदात गुंडाळला. मी तोंड फिरवलं.

"नेल्का, नाकाला रुमाल लाव आणि वर जा," झान्ना म्हणाली. "तुला कोणी बोलावलं होतं?"

"हे पहिलीच्या पोरांना जाणार आहे."

"मला माहीत आहे कुठे जाणार आहे ते."

"तुझी नात उस्त्या पहिलीत आहे! सोळा नंबरमध्ये!"

झान्नाने बायकांकडे पाहिलं. बायका खाली मान घालून झाडत राहिल्या. त्यांना डब्यामागे मजुरी मिळते, बांधला तरी आणि सोडला तरी. माल फेकून दिला तर त्यांच्या हाताला सणापर्यंत काम नाही. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू अळी मीच घातली होती.

मी वर गेले आणि सोडणी टाकली. प्रत्येक ओळीसमोर खरी तारीख घातली. कॉम्प्युटरचा सगळा पडदा लाल झाला. मुदत संपलेला माल प्रोग्राम बांधणीत घेत नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. मालक आला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही दमलात. उद्या घरी आराम करा." मी मूर्ख, घरी आराम केला.

तिसऱ्या दिवशी येऊन पाहते तो पडदा हिरवा! नवी सोडणी, नवी तारीख, त्यावर बांधणी झालेली, आणि डबे शाळेत रवानाही झालेले. नोंद माझ्याच नावावर. माझा पासवर्ड कोणाला ठाऊक असणार? माझ्या घरी बसून, माझ्या हातचं सूप खात, माझ्याकडूनच प्रोग्राम शिकलेल्या बाईला. कधी मी आजारी पडले तर काम अडू नये म्हणून मीच तिला शिकवलं होतं.

संध्याकाळी मी तिचं दार ठोठावलं. तिने साखळी न काढताच उघडलं.

"तूच ना?"

"मीच. ओरडू नकोस, उस्त्या अभ्यास करतेय."

"झान्ना, तिथे अळ्या होत्या."

"आणि इथे काय आहे? उस्त्याची आई मॉस्कोत, दोन महिन्यांतून एकदा फोन येतो. मालक म्हणाला, नोंद होत नसेल तर गोदामाला दुसरी बाई बघतो. या वयात मी कुठे जाऊ, बर्फ उपसायला? तुझं बरंय, तुला ना मूल ना बाळ, तुला तत्त्वं परवडतात."

हे तिने म्हणायला नको होतं. मी गिळलं. "मग उस्त्या पण तेच खाणार?"

"उस्त्या नाही खाणार," झान्ना म्हणाली. "मी तिला बजावून ठेवलंय. डबा घ्यायचा, धन्यवाद म्हणायचं, उघडायचा नाही. घरी मी तिच्यासाठी चांगलं आणून ठेवलंय."

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मालकाचं मला काही वाटलं नव्हतं. तो पहिल्यापासूनच तसला. पण त्या दाराच्या फटीतून येणारा कोबीच्या रश्श्याचा वास, जो मला माझ्या घरच्या वासाइतका ओळखीचा, त्याचीसुद्धा मला किळस आली.

शाळेचा कार्यक्रम शुक्रवारी होता. मी रजा टाकली नाही, विचारलं नाही, सरळ गेले. सभागृहात नववर्षाचं सजवलेलं झाड उभं होतं, पोरी पांढऱ्या झग्यांत, पोरं कागदी कान लावून ससे झालेली, आया फोन उंचावून चित्रीकरण करतायत. नववर्षाच्या भेटी वाटणारा हिमबाबा म्हणून आणलेला माणूस दारूचा वास मारत होता. झाडाला फेऱ्या झाल्या, कविता झाल्या, आणि त्याने लाल पोत्यातून उंदराचे डबे काढून वाटायला सुरुवात केली. झान्ना भिंतीशी खुर्चीवर बसली होती. मला पाहून तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

मी मधोमध गेले. "डबे उघडू नका," मी म्हणाले. "मी त्या गोदामात काम करते. माल जुना आहे, त्यात अळ्या आहेत."

काय अपेक्षा होती माझी? आभार मानतील?

"बाई, पोरांच्या सणाचा विचका कशाला करता?" एक आई म्हणाली.

"पैसे देऊन घेतलेत आम्ही," पालक समितीची बाई पुढे आली आणि तिने डबा उलटा करून माझ्या नाकासमोर धरला. "वाचता येतं ना? तारीख बघा. याच महिन्याची आहे."

तारीख याच महिन्याची होती. मी म्हणाले ती खोटी आहे. कोणी घातली खोटी, तिने विचारलं. नोंद कोणाच्या नावावर आहे? नोंद माझ्याच नावावर होती. हात दाखवून अवलक्षण. मागून कोणीतरी म्हणालं, मालकाने हाकललं असेल, म्हणून सूड उगवतेय.

वर्गशिक्षिका वेरोनिका इल्यीनिच्ना शांत बाई आहे. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि भिंतीकडे वळली. "झान्ना बोरिसोव्ना, तुम्ही त्याच गोदामात आहात ना? तुम्हीच सांगा. मुलांनी खायचं की नाही?"

सगळं सभागृह झान्नाकडे पाहू लागलं. मी पण. मला वाटलं, आता बोलेल. चाळीस दिवस मी तिच्या घरी झोपले होते, मला तिचा चेहरा वाचता येतो, आणि त्या चेहऱ्यावर क्षणभर सगळं आलं होतं.

ती उठली. उस्त्या आजीच्या शेजारीच उभी होती, डबा छातीशी धरून, फीत न सोडता. झान्नाने तो तिच्या हातून घेतला, फीत ओढली, वरचाच एक वेफर काढला. कागद सोलला. जवळ होते म्हणून मला त्यावरची जाळी दिसली. तिलाही दिसली. तिने तो अख्खा तोंडात टाकला आणि चावू लागली.

"छान आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "ताजा आहे."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. समितीची बाई माझ्याकडे बघून हसली. सभागृहभर फिती सुटू लागल्या, कागद चुरचुरू लागले. मी ओरडत होते, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय.

उस्त्याने आजीकडे पाहिलं. आजी खातेय म्हणजे आता चालतं, असं वाटलं असेल बिचारीला. तिने उघड्या डब्यात हात घातला, एक वेफर काढला, कागद सोलून तोंडाशी नेला.

झान्नाने तिच्या हातावर फटका मारला. असा मारला की वेफर उडून झाडाखाली पडला आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

सगळे थांबले. हिमबाबासुद्धा थांबला. वेरोनिका इल्यीनिच्ना वाकली, तिने झाडाखालचा वेफर उचलून मोडला, आत पाहिलं, आणि तो टाकून बोटं झग्याला पुसली. मग समितीच्या बाईने आपल्या मुलाच्या तोंडात बोट घालून आतलं चॉकलेट बाहेर काढलं. ते पोर भोकाड पसरून रडू लागलं. पाठोपाठ सगळ्या आया पोरांच्या हातांतले डबे हिसकावू लागल्या.

उस्त्या रडली नाही. ती लाल झालेला हात धरून आजीकडे बघत होती.

"मग तू का खाल्लंस?" तिने विचारलं.

 झान्नाला तो घास अजून गिळता आला नव्हता.