हमीदाराची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटल्यावर तुम्हाला मंत्र्यांची खुर्ची आठवली असेल, पण माझा थाट तसला नाही. एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून मला बनवलं. त्याच्या घाईपायी माझा एक पाय आखूड राहिला, म्हणून कुणीही बसलं की मी कुरकुरते. मांजर बसलं तरी कुरकुरते.

वकीलबाईंनी मला विकत घेतलं आणि आपल्या टेबलासमोर ठेवलं. परक्या देशात नोकरीला आलेल्या माणसाला बायकोला बोलवायचं असेल आणि त्याचा पगार कमी पडत असेल, तर तिच्या खर्चाची हमी दुसऱ्या कुणालातरी घ्यावी लागते. तेव्हाच तिला व्हिसा मिळतो. तो हमीदार माझ्यावर बसून सही करायचा आणि नवरा शेजारच्या स्टुलावर जीव मुठीत धरून बसायचा. "या खुर्चीने कितीतरी संसार जुळवलेत," असं बाई कौतुकाने म्हणायच्या. ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाकडाला कुठलं मांस, पण चढायचं खरं.

सगळेच सही करत नसत. उद्या नवरा-बायकोचं फाटलं तरी हमी सुटत नाही, हे कळलं की ऐटीत टेकून बसलेला माणूस हळूहळू पुढे सरकायचा. मग त्याला अचानक महत्त्वाचं काम आठवायचं.

बेकरीत पाव भाजणारा एक तरुण असेच हेलपाटे घालत होता. चुलतभावाने अंग काढून घेतलं, मालकानेही घेतलं. तिकडे त्याची बायको फोनवर आता बोलेनाशीच झाली होती, नुसतं "झालं का?" एवढंच विचारायची. शेवटी त्याच्या वरच्या मजल्यावर राहणारे शिंपीकाका म्हणाले, "मी घेतो हमी. सूनबाई आल्याशिवाय मी कुठे जात नाही."

ठरल्या दिवशी काका एकटेच आले. मापं घ्यायची टेप गळ्यात तशीच होती. ते बसले आणि मी कुरकुरलेच नाही. मला वजनच लागलं नाही. फक्त एक गारवा बैठकीतून खाली पायांपर्यंत उतरत गेला. मला फार भीती वाटली. बाईंनी सही घेतली आणि शिक्का काढायला कपाटाकडे वळल्या. परत बघतात तर समोर कुणी नाही. दारही वाजलं नव्हतं. मी सांगते मित्रांनो, ते उठलेच नव्हते.

इतक्यात तो तरुण धापा टाकत आला. "बाई, काका गेले हो! सकाळीच, मशीनवर बसल्या बसल्या."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. कागदावरची शाई अजून ओली होती. "सही झालीय रे," त्या कशाबशा म्हणाल्या, "पण हमीला जिवंत माणूस लागतो." तो पोरगा मटकन जमिनीवर बसला.

मग माझे दिवस फिरले. माझ्यावर कुणी टिकेना. बसलेला माणूस दचकून उठायचा आणि "एसी बंद करा हो" म्हणायचा. एसी नव्हताच. बाईंनी मला भिंतीशी ढकललं. तिथे सगळ्या सामानावर धूळ साचली, माझ्या बैठकीवर मात्र साचली नाही.

एके दिवशी त्या तरुणाबरोबर शिंपीकाकांची बायको, काकू आल्या. घर आता त्यांच्या नावावर झालं होतं. "माणूस गेला तरी काही दिवस घरात जाणवतो म्हणतात," त्या सांगत होत्या. "आमच्याकडे काहीच नाही. म्हटलं, अडकले असतील कुठेतरी." बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली. "इथे आहात होय!" मग त्या बाईंकडे वळल्या. "आणा तो कागद. मी घेते हमी." त्यांनी उभ्यानेच सही केली.

पुढे व्हिसा मिळाला. विमानतळावरून ती मुलगी नवऱ्याबरोबर आणि काकूंबरोबर थेट बाईंना भेटायला आली. प्रवासाने पार दमली होती बिचारी. ती माझ्यावर बसणार, तोच काकूंनी तिचा दंड धरला.

"थांब गं. आधी त्यांना उठू दे."

मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "काका, मी आले."

तेव्हा माझ्या दोन्ही हातांवर थंडगार तळवे टेकले गेले.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना जपा, फरफटत ओढू नका. आणि एखादी रिकामी खुर्ची दिसली की धपकन बसू नका, जरा थांबा. म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो.